पट्टीतल्या कानाला ऐकू आलेलं पाणी

भूत-प्रेत, संकेत वगैरे विषय निघाला की मी उठून चहा टाकायला जातो. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय. पण घडलं ते घडलं...

माझा डावा कान शाळेपासून वाहायचा. ऐकू जवळजवळ शून्य. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, बायको सुनीता कायम उजवीकडून बोलत आली. गेल्या वर्षी ठाण्यात, टेंभी नाक्याजवळच्या डॉक्टरांनी सांगितलं — आत हाड सडलंय, ऑपरेशन करून साफ करू, नवा पडदा बसवू.

"ऐकू येईल ना?" सुनीताने विचारलं.

"कान कोरडा होईल. ऐकण्याचं आत्ताच सांगत नाही."

तेव्हापासून तिचा जीव त्यातच अडकला.

ऑपरेशन झालं. कानात औषधाच्या बोळ्यांचा पॅक, डोक्याला ही मोठी पट्टी. पॅक निघेपर्यंत या कानाने काही ऐकू येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

आम्ही ठाण्याजवळ दिवा स्टेशनला राहतो. पाण्याचा नेम नाही, म्हणून अख्खा मजला नळ उघडा ठेवून खाली पातेलं ठेवतो. आवाज आला की पळायचं. तिसऱ्या दिवशी जेवताना डाव्या कानात पातेल्यात पाणी पडल्याचा आवाज आला — स्पष्ट. सुनीता धावली. नळ कोरडा.

"गोळ्यांनी डोकं फिरलंय तुमचं," ती म्हणाली. आणि बरोबर अर्ध्या तासाने पाणी आलं.

चौथ्या दिवशीही तेच. मग शेजारच्या मोरे वहिनी मागेच लागल्या. "भावोजी, आज काय म्हणतोय कान?" वरच्या मजल्यावरचे लोक सफरचंदं घेऊन भेटायला यायला लागले. तब्येत एकानेही विचारली नाही. आठवडाभर कान एकदाही चुकला नाही.

पॅक काढायला निघालो तर जिन्यात मोरे वहिनी. "एवढी काय घाई आहे? राहू दे की अजून आठवडाभर, औषध मुरेल."

कधी कोणाला उलटून न बोलणारी सुनीता म्हणाली, "वहिनी, पाणी टँकरनेही येतं."

पॅक निघाला. सुनीता मुद्दाम डावीकडे आली, एका हाताने माझा उजवा कान घट्ट दाबला आणि तोंडावर ओढणी धरून हळूच म्हणाली, "अहो, ऐकू येतंय?"

"येतंय," मी म्हटलं. ती तिथेच रडायला लागली. मीही रडलो, खोटं कशाला बोलू.

पाण्याचा आवाज मात्र त्या दिवसापासून बंद. डॉक्टर म्हणाले, पॅक असताना कानात आवाज येतात. मान्य. पण पाणी यायच्या आधी अर्धा तास? त्यावर त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

मोरे वहिनी अजून नीट बोलत नाहीत. सुनीता मात्र दिवसभर बोलत असते... आणि त्या नादात परवा पाणी येऊन गेलं, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.