ब्रीदरवरचा दादरा

डिचोलीत मी आज टिकून आहे तो बाईंमुळे. काय झालं ते मागाहून सांगतो. आधी हे सांगून टाकतो, नाहीतर बाकीचं सांगण्याच्या नादात तेच राहून जायचं.

बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. गाव त्यांना बाई म्हणायचं, म्हणून मीही. गाडीत बसण्याआधी त्या बोटाच्या पेराने बॉनेटवर टकटक करायच्या, कुणाच्या दारात उभं असल्यासारखं, आणि गाडीलाच म्हणायच्या, "चल गो बाये, वचूंया." चल बाई, निघूया. मग चष्मा पुसणं, पदर खोचणं. मग यजमानांच्या वेळची ती गोल नाकाची जुनी गाडी बाजारातून निघायची, तीही रस्त्याच्या अगदी मधोमध. तुम्ही डिचोलीच्या बाजारात कधी उभे राहिला असाल तर पाहिलं असेल, मागची बस हॉर्न म्हणून द्यायची नाही. ड्रायव्हर शाळेत बाईंच्याच हातचा मार खाल्लेला. "पयलीं बाईंक वचूं दी," असं कंडक्टरला सांगून तो गप वाट बघत बसायचा.

मी चंदगडकडचा. आठवी अर्ध्यात टाकली आणि कामाला लागलो. गोव्यात आधीच्या दोन गॅरेजांतून मला काढलं होतं. या तिसऱ्या ठिकाणी माळ्यावर झोपायची सोय होती. मालकाला इकडे पात्रांव म्हणतात. आमचे पात्रांव वाईट नव्हेत, पण त्यांना राग आधी यायचा आणि विचार मागून. घरून निघताना थोरल्या भावाने एसटीत बसवून सांगितलं होतं, "आता परत आलास तर दारात उभा करणार नाही बघ." तो खरंच तसं करेल का, हे मला आजही माहीत नाही. तेव्हा मात्र मी ते खरं धरून चाललो होतो.

बाईंचा जन्मभराचा राग एकाच गोष्टीवर, धुळीवर. घर खाणीच्या रस्त्याला लागून. ट्रक गेला की लाल भुकटी उंबऱ्यापासून देवघरापर्यंत. लोणच्याच्या बरणीच्या तोंडावर आपण कापड ठेवून गळ्याशी दोरा बांधतो, तो दादरा बाई घरात दिसेल त्या तोंडाला बांधायच्या. माठाला, तांब्याला, रेडिओला, शिवणयंत्राला. कापड जुन्या परकराचं, पिवळ्या बारीक फुलांचं. शेजारीण एकदा म्हणाली, "बाई, फाल्यां आमच्या तोंडाक बांदशात." फाल्यां म्हणजे उद्या. बाई म्हणाल्या, "तुका सगळ्यांआदीं बांदतां."

तर त्या गाडीचं इंजिन दमलं आणि ती आमच्याकडे आली. पात्रांवांनी पहिल्यांदाच अख्खं इंजिन माझ्या हातात दिलं. मी ते उघडलं, पिस्टनला नव्या रिंगा घातल्या, बंद केलं. आठवडाभरात बाई परत. गाडीखाली तेलाचं थारोळं. सगळ्यांची बोटं माझ्या रिंगांकडे. पुन्हा उघडलं. रिंगा जिथल्या तिथे, बरोबर. तेल अडवणारं मागचं सील नवं घातलं. चालू केलं तर तेल पुन्हा मागून, शिवाय तेल मोजायच्या पट्टीच्या भोकातूनही.

पात्रांव सगळ्यांसमोर म्हणाले, "आयतारामेरेन जालें ना जाल्यार पोतें भर आनी वच." रविवारपर्यंत झालं नाही तर पिशवी भर आणि चालता हो.

बाई रोज यायच्या आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहायच्या. एकदा माझ्यासाठी आंब्याचं मिसकूट आणलं, इकडचं ते तेलातलं झणझणीत लोणचं. आल्या की पहिला प्रश्न, "पुता, जेवलो?" आणि मी घाम पुसत धावपळ करू लागलो की, "घाई नाका रे. गाडी खंय पळून वता?" गाडी पळत नव्हती हीच तर सगळी रड होती.

शनिवारी इंजिन चालू ठेवून मी नुसता बघत उभा होतो. तेलाची पट्टी आपोआप वर उचलली गेली. आतून कुणी ढकलावी तशी. मी तेल ओतायचं झाकण काढलं. गरम वाफ भसकन तळहातावर आली, आणि मागची गळती थांबली. झाकण लावलं, पुन्हा सुरू.

तुमच्यातल्या ज्यांनी इंजिन उघडलेलं नाही त्यांना थोडक्यात सांगतो. पिस्टनच्या कडेने थोडा वायू खाली इंजिनाच्या पोटात उतरतोच, रिंगा कितीही चांगल्या असोत. तो बाहेर पडावा म्हणून अंगठ्याएवढी जाड एक नळी असते, ब्रीदर. ती बुजली की पोटात दाब धरतो आणि तेलाला वाट मिळेल तिथून बाहेर हाकलतो. ती नळी मी दोनदा वरून पुसली होती. टोपी जागेवर होती, म्हणून पुढे बघितलं नव्हतं. आता टोपी फिरवून काढली.

आत दादरा होता. नळीच्या तोंडावर नीट बसवलेला, दोऱ्याच्या दोन गाठी मारलेला. वर्षानुवर्षं तेल आणि लाल धूळ पिऊन शेवटी डांबरासारखा कडक झालेला. फक्त दोऱ्याखालच्या घडीत एक पिवळं फूल राहिलं होतं. माझ्या मिसकुटाच्या बरणीवर तेच कापड होतं.

मी मूठ मिटली. बोलावं तर चार माणसांत बाईंना खाली बघायला लावायचं. न बोलावं तर दोष माझ्याच हाताचा ठरणार आणि उद्या पिशवी.

"तें कितें तुज्या हातांत?" बाईंनी खुर्चीवरूनच विचारलं.

"काही नाही, कचरा."

"दाखय."

शिक्षिकेच्या त्या आवाजापुढे कुणाची मूठ मिटलेली राहते? त्यांनी तो गोळा डोळ्यांजवळ नेला, नखाने घडी उलगडली, ते पिवळं फूल अंगठ्याने पुसलं. मग वळून पात्रांवांना म्हणाल्या, "हो म्हजो फडको. धुल्ल भितर वता म्हणून हांवें बांदलो. ह्या भुरग्याचें कांयच चुकूंक ना." या पोराचं काहीच चुकलं नाही.

पात्रांव म्हणाले, "तरी बाई, ह्याणें आदीं पळोवंक जाय आशिल्लें." म्हणजे मी आधीच बघायला हवं होतं.

"आनी तूं? इतलीं वर्सां तूंच तेल बदलता न्हय? तुका कित्याक दिसलो ना?"

पात्रांवांनी फडक्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि आत जाऊन सगळ्यांसाठी चहा सांगितला. माझा कप स्वतः आणून दिला. "सोमारा ती दुसरी गाडी घे," एवढंच म्हणाले. मी राहिलो.

नळी पेट्रोलने धुतली, टोपीखाली बारीक तारेची जाळी बसवली. धूळ अडेल आणि वारा जाईल. "बाई, तुमचे फार..." असं मी सुरू केलं, तर त्या म्हणाल्या, "बरणी दी, भरून हाडटां." त्यांनी बरणी भरून आणायचं काढलं आणि माझं वाक्य तसंच अर्धं राहिलं.

मग त्यांची नजर उतरत गेली. डॉक्टरांनी गाडी चालवायची बंद केली. एके दिवशी त्या चालत गॅरेजवर आल्या आणि म्हणाल्या, "म्हजें कुळार हळर्णा. मरे, एक फावट व्हर मका. कांय दिसता थंय मेरेन." पेडण्याकडचं हळर्ण हे त्यांचं माहेर. काही दिसतंय तोवर एकदा घेऊन चल, एवढंच मागणं. मी म्हणालो, "चवथ झाली की जाऊया बाई." चवथीआधी, म्हणजे गणपतीआधी, गॅरेजात श्वास घ्यायला फुरसत नसते, ते खोटं नव्हतं. पण चवथीनंतरही काम होतंच. रजा मागितली तर पात्रांव काय म्हणतील, ही भीतीही होतीच. बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

एका सकाळी बसचा ड्रायव्हर टायरला हवा भरायला आला आणि म्हणाला, "बाई गेली न्हय धुवेगेर, मुरगावां." लेकीकडे, मुरगावला. घराला कुलूप, गाडी बेळगावच्या कुणी विकत नेलेली. मी मुलीचा नंबर मिळवून फोन केला. बाई फोनवर आल्या. "पुता, जेवलो?" आणि मग, सहज सांगावं तसं, "आतां कायच दिसना रे."

गेल्या रविवारी मी एकटाच हळर्णला जाऊन आलो. किल्ल्याची पडकी भिंत कुठून दिसू लागते, नदी कोणत्या हाताला येते, शेतात सध्या काय उभं आहे, सगळं बघून ठेवलं. कुणाची तरी गाडी मागून घेईन, मुरगावला जाईन आणि बाईंना पुढच्या सीटवर बसवून माहेरी नेईन. त्यांना दिसणार नाही. वाटेत जे जे लागेल ते मी सांगत जाईन.