अप्पा हलले नाहीत

दादा,

मी सोनपेठ सोडलं तो बाजाराचा दिवस होता. ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी अप्पांनी दुकानाचं शटर ओढलं आणि तू माझी ट्रंक परळीच्या एसटीत चढवलीस. मेंदूचे फोटो काढणारं यंत्र चालवायला पोरगी हैदराबादेत शिकणार, हे अप्पांनी सगळ्या स्टँडला सांगून झालं होतं. "लोकांच्या डोस्क्यात बघायला चाललीस, तर आधी या थोरल्याच्या डोस्क्यात काय हाय का ते बघून जा," म्हणाले. कंडक्टरसुद्धा हसला. तू तेवढा हसला नाहीस.

त्याला चौदा वर्षं झाली. इथल्या एका प्रयोगशाळेत मी एमआरआय चालवते. शेजारच्या खोलीत पोरी लोकांच्या डोक्यावर तारांची टोपी चढवून मेंदूतली वीज मोजतात. माझ्याकडे चुंबक आहे. माणूस बोगद्यात आडवा होतो, यंत्र धाडधाड वाजतं आणि स्क्रीनवर त्याच्या मेंदूचे काप एकेक करून उमटतात. दिवसभर माझं एकच पालुपद, हलू नका. जरा मान हलली की चित्र फिसकटतं.

त्या खोलीत अंगावर धातूचं काही चालत नाही. म्हणून पहिल्या वर्षी मी रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग चांदीच्या डबीसकट लॉकरमध्ये ठेवायचे, संध्याकाळी पुन्हा घालायचे. पुढे संध्याकाळचं घालणं राहून गेलं. आपल्यात जिवंत माणसाच्या अंगावरून लिंग उतरत नाही, हे का मला ठाऊक नव्हतं? तुला हे कधी सांगितलं नाही, लाज वाटायची.

गेल्या महिन्यात तुझा फोन आला, "बाई, अप्पा मला पावणं म्हनायलेत." मी म्हटलं, घेऊन ये, मीच स्कॅन करते. विसर पडलेली माणसं आत घाबरतात, उठून बसतात, त्यामुळे मला धास्ती होती. तू बाहेर बाकावर बसलास. आत मी अप्पांच्या गळ्यातली डबी काढली.

"काढायलीस, माय?"

"जरा वेळ, अप्पा."

ते माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, समजलं त्यांना.

वीस मिनिटं अप्पा हलले नाहीत. काही लागलं तर दाबायला दिलेला रबरी फुगा त्यांनी दाबला नाही. इतकी स्वच्छ चित्रं मला वर्षभरात मिळाली नव्हती. आठवणी साठवणारा भाग दोन्हीकडे सुकलेला स्पष्ट दिसत होता. मला रडू येत होतं आणि तरी चित्रावर मी खूश होते.

टेबल बाहेर सरकलं. छताकडे बघत अप्पा म्हणाले, "आडवंच ठेवलंत व्हय गं? आपल्यात बसवून पुरतेत." मग जरा थांबून, "माती द्यायला थोरला आला का?"

लिंग उतरवलं म्हणजे आपण गेलो, असं धरून ते आत पडून होते. मी डबी घाईघाईनं गळ्यात घातली. म्हटलं, अप्पा, तुम्ही आहात, दादा बाहेर बसलाय. "बरं," म्हणाले, गिऱ्हाइकाला म्हणावं तसं.

काल तू विचारलंस, "रिपोर्टात काय हाय ते सांगितलंस. पण तिकडून आल्यापासनं अप्पा डबीवरची मूठ सोडीनात, जेवताना बी. ते कशानं?" दादा, ते माझ्यामुळे. डबी बाजूला ठेवून, नुसतं लिंग तपासून सुती फडक्यात त्यांच्या दंडाला बांधता आलं असतं. मला सुचलंच नाही. माझं स्वतःचं लॉकरमध्ये पडलेलं, मला कुठून सुचणार?

इथे माझा फ्लॅट आहे, मुलांची शाळा आहे, मला आता तेलुगूत भांडताही येतं. पण अप्पांच्या त्या बोलण्याचा अर्थ तिथे काम करणाऱ्यांत मला एकटीलाच कळला. रात्री नवऱ्याला समजावून सांगावा लागला. ऐकून तो हळहळला, चांगला माणूस आहे, पण आपल्यातला नाही. उद्या मला काही झालं तर तोही रडत रडत मला आडवंच ठेवेल. न सांगता ज्याला कळतं, असा माणूस आता तू एकटा उरलास, आणि माझं घर तेवढंच. तेव्हा तसा निरोप आला की तू ये, दादा. मला बसव.