सकाळची फेरी आणि एक 'व्हेअर'

परदेशात, पेनरोज या उपनगरातल्या कुरिअर डेपोत मी डेटाचं काम करतो. गेल्या हिवाळ्यात मॅनेजरने एक यादी मागितली: महिन्याभरात सरासरी तीस मिनिटांपेक्षा जास्त उशीर करणारे ड्रायव्हर. दहा मिनिटांत क्वेरी लिहिली, यादी पाठवली आणि चहा प्यायला गेलो. पुण्यात कॉलेजात एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसकडून अशा क्वेरींनी माहिती काढायच्या भाषेत, पहिला आलो होतो, त्याचा माज अजून उतरला नव्हता.

यादीत सगळ्यात वर आमच्या डेपोतले ड्रायव्हर काका. नाशिकचे, साठीला टेकलेले. मी इथे नवा असताना मी राहायचो त्या पापाटोएटोहून रोज मला गाडीतून कामावर आणायचे. त्यांचं नाव बघून खटकायला हवं होतं, पण नाही खटकलं. आकडा आला म्हणजे तो बरोबरच, हा मूर्खपणा माझ्यासारख्यांच्या अंगात मुरलेला असतो.

आठवड्याभरात मॅनेजरने त्यांची सकाळची फेरी काढून घेतली आणि दुपारी दोनला सुरू होणारी संध्याकाळची दिली. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला, त्यामुळे सकाळची फेरी आटपून नातीला तीन वाजता शाळेतून आणायचं काम काकांचं. हे कळल्यावर मी क्वेरी उघडली आणि कपाळावर हात मारला. तीस मिनिटांची अट मी क्वेरीच्या 'व्हेअर' या भागात घातली होती. 'व्हेअर' एकेक ओळ, म्हणजे एकेक फेरी, सुटी तपासतं, तेही सरासरी काढायच्या आधी. म्हणजे काकांच्या वेळेवर झालेल्या सगळ्या फेऱ्या आधीच गळून गेल्या आणि मोटरवे बंद होता त्या दोन दिवसांचीच सरासरी निघाली. अट 'हॅविंग'मध्ये हवी होती: आधी प्रत्येकाच्या सगळ्या फेऱ्या एकत्र करायच्या, मग सरासरी काढायची, मग कोणाला गाळायचं ते बघायचं. शिकाऊ पोरंही एवढं करतात.

मॅनेजरला सांगितलं. "गुड कॅच, मेट," म्हणाला. त्याच्या डोक्यात कीबोर्ड घालावासा वाटला. ड्यूटीचं रोस्टर मात्र पुढच्या महिन्यापर्यंत बदलणार नव्हतं.

काकांना व्हॅनपाशी गाठून सगळं सांगितलं. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते व्हॅनमधली खोकी लावत राहिले, आणि मी उलट त्यांच्यावरच चिडलो.

"अहो काका, दोनच दिवस लेट झाला होतात तुम्ही! भांडला का नाहीत?"

"कंप्युटरने काढलंय म्हणाले रे. मला वाटलं, असेल, वय झालं. घरीही तसंच सांगितलं." त्यांनी व्हॅनचं दार लावलं. "तेव्हापासून मुलगा नातीला माझ्या गाडीत बसू देत नाही."