चार शाळांची एकत्र खरेदी

चार शाळांनी मिळून खडू घेतले की ते स्वस्त पडतात, हे आम्हाला माहीत होतं. सोबत किस्से फुकट येतात, हे कुणी सांगितलं नव्हतं! आता इतके साठलेत की मीटिंगला चहा येईपर्यंत एखादा निघतोच.

आम्ही चौघं. मी सचिन नावाच्या उपनगरातल्या शाळेची मुख्याध्यापिका. पांडेसऱ्याचे पाटील सर, शाळा तीन मजली आणि आवाज त्याहून उंच. उधन्याच्या ज्योत्स्नाबेन, गुजराती माध्यमाच्या. आणि बमरोलीचे भामरे सर. त्यांची शाळा लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या गल्लीत, तळमजल्यावर, इनमीन चार खोल्यांची.

खासगी शाळा म्हणजे एकमेकांची मुलं पळवणारी दुकानंच. सगळ्यात जास्त झळ भामरे सरांना. "यंदा कुलूप लागतं बहुतेक," असं ते दर जूनला म्हणायचे. खर्च वाटून घेतला तर ती शाळा तगेल, असं मला मनापासून वाटत होतं. बाकीच्यांना काय वाटतं, ते कळत नव्हतं.

*

पहिली खरेदी युनिफॉर्मच्या कापडाची. चौघांनी एकच रंग घेतला तरच व्यापारी भाव कमी करणार. पाटील सर मरून रंगावर अडून बसले.

भामरे सर हळूच म्हणाले, "आमच्याकडं मोठ्याचा निळा शर्ट पुढच्या वर्षी धाकट्याला येतो. रंग बदलला तर सगळ्यांनाच नवे घ्यावे लागतील."

पाटील सरांनी मरून कापडाचा नमुना बाजूला सारला. मग गरजले, "निळा तर निळा! पण खिसे मी म्हणेन तिथंच!"

तीन मोठ्या शाळांनी सगळ्यात लहान शाळेचा रंग घेतला. मी चाटच पडले.

*

मग वीजबिलं कमी करायला एक सल्लागार लावला. भामरे सरांचं बिल शाळेच्या मानानं फार. कारण गेटजवळचा वॉटर कूलर! लूमची पाळी सुटली की अख्खी गल्ली तिथं बाटल्या भरते.

"शाळा सुटली की हा बंद करा," सल्लागार म्हणाला.

"तुम्हीच उभे राहा गेटवर अन् सांगा त्यांना," भामरे सर म्हणाले.

तो खरंच जाऊन उभा राहिला. घामानं निथळणारी माणसं येत गेली, पाणी पीत गेली. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात स्वतःची भरलेली बाटली होती. रिपोर्टमध्ये त्यानं पंखे बदलायला सांगितले. कूलरचं नावसुद्धा नाही!

*

मग मुलांचा आणि इमारतींचा विमाही एकत्र काढायचं ठरलं. विमा कंपनीचा माणूस मुलांची संख्या तपासायला आला. बमरोलीत निम्मी बाकं रिकामी.

"ही मुलं कुठायत?"

"खान्देशात, गावी. आईबाप शेताच्या कामाला गेले की पोरंही जातात."

"मग हजर मुलांचाच विमा धरतो."

एरवी मवाळ बोलणारे भामरे सर उसळले. "गावी गेलं म्हणून पोरगं परक्याचं झालं का? येतंय ते दिवाळीनंतर. धरा त्याला!"

ज्योत्स्नाबेनना त्यांची सौराष्ट्रात गेलेली मुलं आठवली. तीही यादीत लिहायला हवी होती. "मारां छोकरां पण लखो!"

त्या माणसानं निमूटपणे सगळी धरली.

*

कर्जाचं तर विचारूच नका. पाटील सरांना वरचा मजला बांधायचा होता, भामरे सरांना दुरुस्ती करायची होती. एकट्या बमरोलीला बँकेच्या दारात कोण उभं करणार? म्हणून चौघांनी मिळून अर्ज केला.

बँकेचे साहेब म्हणाले, "एक बुडाला तर बाकीच्या तिघांनी भरायचं. समजलंय ना?"

पाटील सरांनी पेन काढलं आणि सही ठोकली.

"पाटीलसाहेब, वांचो तो खरा!" ज्योत्स्नाबेन ओरडल्या.

"बेन, वाचलं तर सही होणार नाही!"

*

आता हा ऐका. गेल्या पावसाळ्यात खाडी फुगली आणि बमरोलीच्या चारही खोल्यांत पाणी शिरलं. इमारतीच्या विम्याचे पैसे मिळणार होते, पण सावकाश. आईबाप थोडेच थांबतात? मी आणि भामरे सर चिखल उपसायला पंप मागायला पांडेसऱ्याला गेलो, तर पाटील सरांच्या गेटवर ही गर्दी. सगळे बमरोलीचे पालक! भामरे सर जागीच थबकले. ही मुलं गेली की त्यांची शाळा संपली. मला त्यांच्याकडे बघवेना.

पाटील सरांनी आयुष्यभर गल्लोगल्ली फिरून मुलं गोळा केलेली. नवा मजला बांधून तयार, आणि मुलं आपल्या पायांनी दारात आलेली!

"सर, आमची पोरं घ्या ना तुमच्या शाळेत," एक बाई म्हणाली.

"जागा नाही."

"अहो सर, वरचे वर्ग तर रिकामे दिसताहेत."

"ते बमरोलीच्या शाळेचे आहेत. आज सकाळपासून."

मग पाटील सरांना चिखलानं माखलेले भामरे सर दिसले. गर्दीवरून ते खणखणीत आवाजात म्हणाले, "या भामरे सर! तुमची प्रार्थना किती वाजता असते?"