तिळाच्या डोळ्यांची भुतं

हॅलोविनच्या पार्टीसाठी मी चोवीस भुतं करायला बसलो आणि चोवीस पिंड करून उठलो.

हे माझ्या लक्षात आलं नाही. तांदूळ धुताना नाही, गोळे वळताना नाही, त्यांना काळ्या तिळाचे डोळे लावतानाही नाही. माझा व्यवसाय सांगतो, म्हणजे या मूर्खपणाची खोली कळेल. सिंगापूरच्या हार्बरफ्रंटला एका ऑफिसात बसून मी आणि माझी टीम यंत्राला कॅमेऱ्यातल्या वस्तू ओळखायला शिकवतो. हा कंटेनर, ही क्रेन, हा माणूस, हा माणूस नाही. या कामाबद्दल मला एकदा बक्षीसही मिळालंय. आणि घरच्या ओट्यावर, केळीच्या पानावर मांडलेले भाताचे चोवीस गोळे मला दोन तास 'क्यूट' वाटत होते.

याला गेल्या वर्षीचा डाग कारणीभूत आहे. बुओना व्हिस्टाच्या आमच्या कॉन्डोत हॅलोविनच्या संध्याकाळी खालच्या फंक्शन रूममध्ये एक लांब टेबल मांडतात आणि प्रत्येक घराने काहीतरी भीतिदायक आणि गोड करून आणायचं असतं. गेल्या वर्षी मी चॉकलेटचे कोळी केले होते. नवव्या मजल्यावरून लिफ्टने उतरून स्विमिंग पूलच्या कडेने तिथवर पोचेपर्यंत इथल्या दमट उकाड्यात कोळ्यांचे पाय विरघळले आणि नुसती पोटं राहिली. एका मुलाने अतिशय सभ्यपणे विचारलं, "अंकल, इज इट पू?" म्हणजे, ही शी आहे का. त्यानंतर वर्षभर लिफ्टमध्ये मुलं आधी माझ्याकडे बघत, मग माझ्या हातांकडे.

या वर्षी बायको कामासाठी जकार्ताला होती. ती फोनवर म्हणाली, "विकत आण. हात जोडते." मुलगी नऊ वर्षांची. ती म्हणाली, "बाबा, जस्ट बाय, कॅन ऑर नॉट?"

"कॅनॉट," मी म्हणालो. माणसाला कधीकधी आपल्याच आवाजाची भुरळ पडते.

मुलीच्या एका मैत्रिणीला गहू चालत नाही, दुसरीला अंडं, तिसरीला शेंगदाणे-बदाम. उरला तांदूळ. म्हणून मी चिकट तांदूळ नारळाच्या दुधात साखर घालून शिजवला, घोटला आणि वळायला घेतला. मोबाइलवरच्या फोटोत भुतांची डोकी निमुळती होती. माझी निमुळती करायला गेलो की फुटायची, म्हणून गोलच ठेवली. प्रत्येकाला दोन तीळ, दोन डोळे. मूठभर तीळ उरले, ते वाया कशाला घालवा म्हणून कबरीवरची माती म्हणून वरून भुरभुरले. शोभेसाठी बाजारातून केळीचं पान आणलं होतं. गवती चहाच्या लांब पात्या आणल्या होत्या, स्मशानातलं गवत म्हणून, त्या गोळ्यांच्या मधून आडव्या घातल्या. आज हे लिहिताना माझ्याच मानेवर काटा येतो, पण त्या वेळी मी शीळ घालत होतो.

भात वरून सुकायला लागला. मी ओंजळीत पाणी घेऊन बोटांमधून त्यावर सोडत होतो, तेवढ्यात दुपारची झोप संपवून आई चहाला बाहेर आली.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण आईसमोर कुणीही पिंड मांडले असते तरी वाईट झालं असतं, पण मी मांडणं हे त्याहून वाईट होतं.

नाना, म्हणजे माझे वडील, मार्चमध्ये पुण्यात गेले. अग्नी मी दिला. तेवढं विमान वेळेवर पोचलं. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरून उभे राहिलो. झाडावर कावळे होते, आपसात ठरवल्यासारखे गप्प बसले होते. खाली एकही उतरेना. मग रीतीप्रमाणे एकेकाने पुढे होऊन शब्द द्यायला सुरुवात केली. काका म्हणाले, दादा, तुझ्या पुस्तकांना कुणी हात लावणार नाही. चुलतभाऊ म्हणाला, तुमची स्कूटर मी चालू ठेवीन. कावळे ढिम्म. मग मी पुढे झालो. आवाज जरा भरून आणला आणि हात जोडून म्हणालो, "नाना, आईची काळजी करू नका. मी तिला सिंगापूरला घेऊन जातो."

खालच्या फांदीवर आलेला एकुलता एक कावळा उडून गेला.

सव्वा तास झाला. ऊन चढलं. पुढच्या घरची माणसं त्यांचा पिंड घेऊन ताटकळत होती आणि माझ्या खिशात फोन थरथरत होता, कारण त्या दिवशी आमचं सॉफ्टवेअर बंदरावर सुरू व्हायचं होतं. शेवटी मीच म्हणालो, "गुरुजी, दर्भाचा करून टाकू या." गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला, झालं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी अजून कुठल्याही यंत्राला शिकवू शकलेलो नाही.

घरी आलो तर आई दारातच उभी होती. "शिवला?"

"हो," मी म्हणालो. एवढ्यावर भागलं असतं. पण थापेला कोंदण केल्याशिवाय मला चैन पडत नाही. "लगेच. तुला सिंगापूरला नेतो म्हणालो, आणि लगेच आला."

आईने डोळे मिटले आणि दाराच्या चौकटीला हात लावून थोडी थांबली. मला वाटलं, बरं वाटलं तिला. काका खाली वाकून चपला काढत राहिले.

त्या एका शब्दावर आईने पुढचे महिने काढले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, "लगेच शिवला. काही मागे राहिलं नाही त्यांचं." महिन्याभरात मी तिचा इथे राहण्याचा पास काढला, तिला इथे आणलं आणि शब्द पाळणारा मुलगा म्हणून स्वतःच्याच मनात हार घालून घेतला. ती नातीच्या खोलीत झोपते. तिची मोठी बॅग पलंगाखाली आहे, आणि त्यातल्या साड्या तिने अजून कपाटात लावलेल्या नाहीत. दर रविवारी ती फोनवर शेजारणीला विचारते, "घर उघडून वारा लावलात ना?" हे सगळं मला दिसत होतं. पण मी म्हटलं ना, वस्तू ओळखणं हा माझा व्यवसाय आहे.

तर आई ओट्याशी आली. मी ओंजळ अर्धी रिकामी करून तसाच उभा.

"कुणाचे?" तिने विचारलं.

"कुणाचे म्हणजे? खाली पार्टी आहे ना, मुलांसाठी केलेत. भुतं आहेत ती, आई."

ती जरा वाकली. पानावरून, तिळांवरून, गवती चहाच्या पात्यांवरून तिची नजर सावकाश गेली. त्या नजरेमागून माझीही गेली, आणि तेव्हा, फक्त तेव्हा, मला दिसलं की मी काय मांडलंय. 

"भुतंच आहेत," आई म्हणाली.

मुलगी हाडांच्या सापळ्याचा काळा पोशाख घालून, अर्धा चेहरा पांढरा रंगवून स्वयंपाकघरात आली. तिने गोळ्यांकडे पाहिलं. "दे लुक सॅड, बाबा. नॉट स्केरी." आणि उरलेला चेहरा रंगवायला परत गेली.

"एक दे," आई म्हणाली.

"आई, मी फेकून देतो सगळं. माझ्या डोक्यात आलंच नाही."

"एक दे म्हटलं."

पानाचा तुकडा फाडून त्यावर एक गोळा ठेवून मी तिच्या हातात दिला. ती बाल्कनीत गेली आणि तो तुकडा तिने कठड्यापलीकडच्या, एसीचं मशीन ठेवलेल्या कट्ट्यावर ठेवला. मी मागोमाग धावलो.

"आई, इथे पक्ष्यांना खायला घालायची बंदी आहे. दंड होतो."

"त्यांना सांग, पक्ष्याला नाही घातलं. नवऱ्याला घातलंय."

ती खुर्ची ओढून बसली. मी ॲप्रन घालून तिच्या शेजारी उभा. सव्वाचार वाजले होते, पार्टी पाचला. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक कावळा बसला होता. आईने त्याला माझ्या आधी पाहिलं होतं. आधी आल्या साळुंक्या, दोन, मग चार. आईने हातातल्या नॅपकिनने त्यांना हाकललं.

"येतील ते," ती म्हणाली. "त्यांना वाट पाहायला लावणं आवडायचं नाही. तिकडे कसे लगेच आले."

कावळा पंख साफ करत होता. खाली पूलच्या कडेला कुणीतरी फुगे बांधत होतं, आणि एक चेटकीण व दोन छोटे मृतदेह घसरगुंडीवर भांडत होते. दहा मिनिटं गेली. पंधरा गेली. कावळ्याने एकदा आमच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

"म्हण," आई म्हणाली.

"काय?"

"तिकडे काय म्हणाला होतास ते. तेच म्हण."

एका हाताला भात चिकटलेला, छातीवर हसऱ्या भोपळ्याचं चित्र असलेला ॲप्रन, अशा अवतारात मी नवव्या मजल्यावरून समोरच्या इमारतीला हात जोडले. "नाना, आईची काळजी करू नका. मी तिला इथे..."

पुढचं तोंडातून आलं नाही. कावळा तिथेच बसून राहिला. उडून गेला असता तर निदान उत्तर तरी मिळालं असतं.

"तिकडेही नव्हता आला, आई," मी म्हणालो.

ती समोरच बघत होती. दोन साळुंक्या परत येऊन कठड्यावर बसल्या, तेव्हा तिने विचारलं, "किती वेळ थांबलात?"

"सव्वा तास."

"मग?"

"दर्भाचा केला."

"कुणी सांगितलं दर्भाचा करायला?"

इथे काकांचं नाव घ्यायचा मोह झाला, हेही लिहून टाकतो. "मी."

"फोन येत होता?"

"हो."

आईने मान हलवली. तिला नवीन काही कळल्यासारखं दिसलं नाही, तिला पाठ असलेला पाढा माझ्याकडून म्हणून घेतल्यासारखं दिसलं. मग ती बोलायला लागली, आणि तिचा आवाज अगदी रोजचा होता, भाजी काय करायची हे ठरवतानाचा.

"दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात ते मला म्हणाले होते, काही झालं तरी आपलं घर सोडून जाऊ नकोस. मुलाकडे जाऊन पाहुणी होऊ नकोस. तो चांगला आहे, पण त्याच्या घरात तू कोपऱ्यात बसशील. मी म्हटलं, नाही जाणार. मग तू घाटावरून आलास आणि म्हणालास, नेतो म्हटलं आणि लगेच शिवला. मी म्हटलं, मन बदललं असेल यांचं जाता जाता. त्यांचीच तशी इच्छा असेल तर आपण कोण. म्हणून आले मी."

एसीचं मशीन गुरगुरत होतं. माझ्या त्या एका जास्तीच्या शब्दाने आईला तिच्या घरातून उचलून इथे आणून ठेवलं होतं. मी शब्द पाळला म्हणून मिरवत होतो आणि तो शब्द ऐकूनच बहुधा ते सगळे कावळे झाडावर बसून राहिले होते.

इंटरकॉम वाजला. गार्ड होता. "सर, समबडी कम्प्लेन, युवर बाल्कनी गॉट फूड, आह? बर्ड कम, व्हेरी डर्टी." मी सॉरी म्हणालो, लगेच काढतो म्हणालो, आणि 'लगेच' हा शब्द इंग्रजीतही माझ्याच कानाला टोचला. बाल्कनीत परत आलो तोवर साळुंक्यांनी गोळा फोडला होता. एकीच्या चोचीत भुताचा डोळा होता. आई या वेळी नॅपकिन घडी करून मांडीवर ठेवून बसली होती.

"बाकीचे मोडून टाक," ती म्हणाली. "लेकरांच्या हातात देऊ नकोस."

मी तेवीस गोळे एका मोठ्या भांड्यात मोडले. मोडताना प्रत्येक गोळा तिळाच्या दोन डोळ्यांनी माझ्याकडे बघत होता. मुलगी पूर्ण सापळा होऊन आली, तिने भांड्यात डोकावलं आणि विचारलं, "नाऊ व्हॉट इज इट?"

"काही नाही. पार्टीला आपण या वेळी काही नेत नाही."

"ओके लाह," ती म्हणाली, मला वाटलं त्याहून बऱ्याच आनंदाने, आणि रिकाम्या हाताने खाली पळाली. पळता पळता थांबून तिने आजीच्या गालाला गाल लावला. आईच्या गालावर पांढऱ्या रंगाचा एक पट्टा उमटला. तो तिने पुसला नाही.

मी चहा केला. बाल्कनीत नेऊन दिला. खालून मुलांच्या किंकाळ्या येत होत्या. समोरच्या गच्चीवरचा कावळा कधीतरी निघून गेला होता, आम्हा दोघांपैकी कुणीच तो जाताना पाहिला नव्हता.

"तिकीट काढतो," मी म्हणालो. "पुढच्या आठवड्यातलंच. मी येतो सोडायला. आणि वर्षश्राद्धाला परत येईन, फोन बंद ठेवून येईन, या वेळी कितीही वेळ लागू दे, कावळा शिवेपर्यंत मी पिंडाजवळून हलणार नाही."

आईने बशीत चहा ओतला, फुंकर घातली.

"ये," ती म्हणाली. "पण झाडापासून जरा लांब उभा राहा. तू असलास की कावळा येत नाही."