सतीशला ऐकू न येणारी भुणभुण

सतीशला नीट ऐकू येत नव्हतं, आणि त्याची नोकरी मात्र कानांची होती.

आज त्याला जाऊन एक वर्ष झालं.

कुणाच्याही घरातली बिघडलेली वस्तू उघडून बसणारा सतीश तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. ही गोष्ट मात्र माहीत नसेल. तो मला सांगू द्यायचा नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नागपूरहून क्युपर्टिनोला आम्ही नवीनच आलो होतो. सतीश एका छोट्या कंपनीत. मूठभर माणसं, आणि डेव्ह नावाचा बॉस.

ते गिटारचं पेडल बनवत होते. पायाने दाबायचा लोखंडी डबा. गिटारवाले अ‍ॅम्प आणि स्पीकरचं भलंमोठं खोकं घेऊन फिरतात ना, त्या सगळ्याचा आवाज ह्या डब्यातल्या चिपने हुबेहूब काढायचा.

अ‍ॅम्प जमला होता. अडलं होतं स्पीकरच्या खोक्यापाशी.

"खरा स्पीकर वरचा कर्कश आवाज गिळून टाकतो," सतीशने मला समजावलं होतं. "तो आपल्या डब्याने गिळला नाही, तर गिटारऐवजी मधमाश्या ऐकू येतात."

ऑफिसात सगळे तेच म्हणत होते. मधमाश्या येतायत.

सतीश वैतागायचा. "नाहीयेत यार! ह्यांचे कान खराब आहेत."

एका रविवारी त्याने प्रोटोटाइप घरी आणलं. हेडफोन माझ्या कानाला लावला.

मी काढूनच टाकला. "अरे, केवढी भुणभुण आहे ही!"

त्याने हेडफोन पुन्हा स्वतःच्या कानाला लावून बघितला.

किचनमध्ये मायक्रोवेव्ह केव्हाचा बीप-बीप करत होता.

"सतीश, मायक्रोवेव्ह वाजतोय."

"कुठे?"



शाळेत असल्यापासून तो भीमगीतांच्या पार्टीत गिटार वाजवायचा. भोंग्याच्या अगदी शेजारी उभं राहून, वर्षानुवर्षं. वरचे बारीक आवाज कधी गेले, त्याचं त्यालाच कळलं नव्हतं.

"डॉक्टरकडे जाऊ," मी म्हटलं.

"डेमो झाल्यावर. आत्ता डेव्हला कळलं तर नोकरी गेली. नोकरी गेली की व्हिसा गेला."

माझा व्हिसा त्याच्या व्हिसावर. मला काम करायची परवानगी नाही. आर्या पोटात.

मग रोज संध्याकाळी तो कर्कश आवाज कापणाऱ्या फिल्टरचा नॉब फिरवायचा आणि मी ऐकायचे.

"आहे अजून. अजून. हां, गेली. अरे थांब, आता गिटार गोधडीत गुंडाळल्यासारखी वाटतेय."

मग तो थोडा मागे यायचा.

डेमोला एक नावाजलेला गिटारिस्ट येणार होता. त्याला पटलं तर पेडल बाजारात, नाहीतर प्रोजेक्ट बंद.

"तू पण ये," सतीश म्हणाला. "त्याची गिटार वेगळी, हात वेगळा. आपलं सेटिंग चुकू शकतं. भुणभुण आली की मूठ मिट. गेली की उघड."

सगळ्यांसाठी बटाटेवडे करून नेले. कोपऱ्यात बसायला तेवढं निमित्त पुरलं.

खरा अ‍ॅम्प आणि त्याचं खोकं शेजारच्या स्टोअररूममध्ये, खोक्यासमोर माइक. पेडल टेबलावर. दोन्हींचा आवाज खोलीतल्या त्याच स्पीकरमधून येणार. स्विच डेव्हच्या हातात.

आधी अ‍ॅम्प. मग पेडल.

आली भुणभुण. मी मूठ मिटली. सतीशने नॉब फिरवला. मूठ उघडली.

गिटारिस्टने आणखी जोरात वाजवायला घेतलं. पुन्हा भुणभुण. पुन्हा मूठ.

डेव्हने स्विच सोडला.

"सतीश, तू सारखा बायकोकडे का बघतोयस?"

गिटार थांबली. सगळे माझ्या मिटलेल्या मुठीकडे बघत होते.

मला वाटलं, सतीश काहीतरी सांगून वेळ मारून नेईल. तिला बरं नाहीये, पोटात बाळ आहे, काहीही.

त्याने नॉबवरचा हात काढला.

"कारण तो आवाज मला ऐकू येत नाही. तिला येतो. हा फिल्टर तिच्या कानांनी बसवलाय."

डेव्ह लालबुंद झाला. "आणि हे तू मला आज सांगतोयस?"



गिटारिस्ट मध्ये पडला. "भांडण नंतर करा. आधी हे संपवू." मग माझ्याकडे वळून, "मॅम, तुम्ही पुढे या."

मी टेबलापाशी गेले. माझं इंग्लिश तेव्हा यथातथाच. "लेस," मी म्हटलं. "लेस. नो, मोअर. स्टॉप."

सतीश नॉब फिरवत होता. माझ्याकडे बघत, सगळ्यांदेखत.

मग गिटारिस्ट आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. डेव्ह स्विच बदलत गेला, आणि आवाज कशाचा ते गिटारिस्टने न बघता ओळखायचं होतं.

"अ‍ॅम्प," तो म्हणाला. बरोबर.

"अ‍ॅम्प." ते पेडल होतं.

"पेडल." तो अ‍ॅम्प होता.

पुढच्या वेळी तो बराच वेळ वाजवत राहिला. मग गिटार खाली ठेवली. "नाही सांगता येत मला."

कुणीतरी टाळी वाजवली. डेव्हने नाही. तो सतीशला केबिनमध्ये घेऊन गेला आणि दार लावलं.

मी गार झालेल्या वड्यांपाशी बसून राहिले. काचेतून डेव्हची पाठ दिसत होती, सतीश दिसत नव्हता. परत जायचं तिकीट, नागपूरला आईला काय सांगायचं, सगळं डोक्यात फिरून झालं.

तो बाहेर आला आणि थेट कारकडे चालू लागला. मी मागोमाग.

"नोकरी आहे," तो म्हणाला. "पण आवाजाचं काम दुसरं कुणी करणार. मी फक्त सर्किट बघायचं."

"वाईट वाटलं?"

"खूप."

त्याने कार सुरू केली. मग म्हणाला, "सुजू, डॉक्टरची अपॉइंटमेंट घे."

पेडल बाजारात आलं, चाललंही. सतीशला हियरिंग एड लागलं. आवाजाचं काम मात्र त्याला पुन्हा कधीच मिळालं नाही. ते त्याला लागून राहिलं. नव्या कंपनीत इंटरव्ह्यू असला की आत गेल्या गेल्या स्वतःच सांगायचा, "मला वरचे आवाज ऐकू येत नाहीत." काहींनी तिथूनच परत पाठवलं.

तरी सांगायचा.

रविवारी सकाळी घरी बुद्धवंदना आहे. आर्या येतेय. जवळ असाल तर या, जेवूनच जा.

सतीश, रोज आठवतोस रे.

जयभीम.