आधी घर काढतो, मग तुम्हाला

गळ्यात नवा कॅमेरा आला की मान थोडी वाकते आणि माणसाला वाटतं, आपण कलावंत झालो. माझंही तसंच झालं. अंगात अकरा खिशांचं जाकीट, डोक्यावर खाकी टोपी अशा थाटात मी परभणीहून गंगाखेडला आणि तिथून दुसऱ्या एसटीनं डोंगराकडं गेलो. उतारावर एक रंगीत वस्ती आहे, असं ऐकलं होतं.

वस्ती खरंच रंगीत निघाली. एकावर एक चढलेली तीस-चाळीस घरं, आणि एकाच घराची एक भिंत गुलाबी तर दुसरी पोपटी. इथले बरेच जण गंगाखेडला रंगकामाला जातात, डब्यात उरेल ते संध्याकाळी घरी येतं. गुलाबी कुठल्या मंगल कार्यालयाचा, पोपटी कुण्या दवाखान्याचा. डबा संपला की भिंत जिथं असेल तिथं रंग बदलते.

खालच्या घरापाशी एकजण शेळी बांधत होता. त्यानं विचारलं, "काय करायलाव, सायेब?"

मी कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणालो, "घरं काढायची आहेत. खालून सुरुवात करतो, वरपर्यंत सगळी काढतो. ऊन चढायच्या आत."

शेळी तशीच सोडून तो वर पळाला. मला वाटलं, बायाबापड्यांना केस विंचरायला सांगायला गेला. वस्ती गायरानावर आहे, सरकारी जागेवर, आणि अतिक्रमण काढायला माणसं येणार अशी आवई महिनाभर उठत होती, यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. मी आपला मन लावून एकेक घर 'काढत' वर चढलो.

सगळ्यात वरच्या, अर्ध्या गुलाबी घराच्या उंबऱ्यावर साठीची एक बाई पाय पसरून बसली होती. मागं अख्खी वस्ती गोळा झालेली.

"घर काढायच्या आदी मला काढा," ती म्हणाली.

मला भरून आलं. इतकं आपणहून कोण फोटोला तयार होतं? म्हणालो, "तुम्हालाही काढतो की, मावशी. आधी घर काढतो, मग तुम्हाला. जरा उजवीकडं सरका."

मावशी सरकली नाही, तिनं शेजारचा खराटा उचलला. गर्दीतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, जेसीबी कुठं हाय? मी म्हणालो, कशाला लागतो, मी एकटाच काढतो.

"हातानं?"

"बोटानं," असं म्हणून मी बोट दाखवलं.

मग कॅमेऱ्याचं बटण दाबून मी शेळीवाल्याचं घर पडद्यावर दाखवलं, तेव्हा कुठं मागून एक बाई फिसकन हसली. म्हाताऱ्यानं मला नखशिखांत न्याहाळलं. "फोटो म्हन की मंग, येड्या. आन् पह्यले ती टोपी काढ."

चहा झाला. तो पिताना मावशीनं 'सून कशी हाय?' असं विचारलं, मी कॅमेऱ्याच्या नादात नुसती मान हलवली. मावशीनं तेव्हा खरं काय ते सांगितलं. जागा नावावर व्हावी म्हणून तिनं अर्ज भरला होता. घरासमोर उभं राहून काढलेला फोटो तेवढा राहिला होता. पुतण्यानं मोबाइलवर काढला, त्यात ती भुतासारखी आली. सोमवारी कागद द्यायचे होते. ते राहिले, तर यादीतून नाव जाणार होतं. "लग्न होऊन आले तवापासून हितंच हाय. मपलं म्हनायला दुसरं काय हाय?"

मी छाती फुगवून कामाला लागलो, आणि शनिवारी चार सुंदर फोटो घेऊन हजर झालो. एकात तिचे भेगाळलेले हात, एकात भिंतीवर तिरपी सावली, एकात दाराच्या कडीवर ऊन. चौथ्यात अर्धा चेहरा आणि बाकी आभाळ.

मावशीनं चारही उलटसुलट करून पाहिले. "लय चांगले हायत. घर कुठंय?"

मी सावलीबद्दल बोलायला लागलो. तिनं ऐकून घेतलं आणि समजावलं, की साहेबाला आभाळ नाही लागत, घराचे चारी कोपरे लागतात, दारावरचा नंबर लागतो आणि डोळे उघडे असलेली म्हातारी लागते. मग तिनं मला शेजारच्या ओट्यावर उभं केलं आणि कॅमेरा किती वर धरायचा तेही सांगितलं. धुतलेलं लुगडं नेसून ती दारात ताठ उभी राहिली. मी फोटो काढला. कलेचा त्यात लवलेश नव्हता. त्याच दुपारी गंगाखेडला जाऊन छापून आणला.

काढलेल्या हजारो फोटोंपैकी कुणाच्या कामी आलेला तो एकमेव.

दोनेक महिन्यांनी पुतण्याच्या मोबाइलवरून मावशीचा फोन आला. मोजणीवाले येऊन टेप लावून गेले होते. कागद हातात यायला वेळ होता, पण यादीत नाव होतं, तिनं पुतण्याकडून दोनदा वाचून घेतलं होतं. दारात लिंब लावलाय, म्हणाली. इतकी वर्षं लावला नव्हता, उद्या इथून उठवलं तर कुणासाठी ठेवून जायचा म्हणून.

मी लगेच म्हणालो, येतो, झाडाचा फोटो घेतो.

"ईतभर झाडाचा काय फोटू घेता? वाढू द्या की त्याला," मावशी म्हणाली, आणि माझी सून बरी आहे का, ते विचारायला लागली. मला सून नाही, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.